फटफटी, सायलेन्सर आणि कायद्याचा कान

मोटरसायकलला मराठीत एके काळी सर्रास ‘फटफटी’ म्हणत. गावाकडची वयस्क मंडळी अजूनही म्हणतात. बैलगाडीचे नाव तिला ओढणाऱ्या बैलावरून पडले, आगगाडीचे तिच्या इंजिनातल्या आगीवरून. फटफटीचे नाव मात्र तिच्या आवाजावरून पडले. हे वाहन लोकांना आधी ऐकू आले आणि मग दिसले, असेच म्हणावे लागेल.

आजच्या बहुतेक मोटरसायकली फटफट करीत नाहीत. कारखान्यातून बाहेर पडणारी नवी गाडी शेजारून गेली तरी बोलणे थांबवावे लागत नाही. पण शाळा रस्त्यालगत असेल तर शिक्षकांना दुसराही अनुभव असतो. फळ्यावर उदाहरण मांडून ते समजावून सांगायला सुरुवात करावी, तोच बाहेरून एखादी गाडी कडकडाट करीत जाते. मधूनच बंदुकीचा बार उडावा तसा आवाज होतो. शिक्षक खडू हातात धरून थांबतात, मुले एकमेकांकडे पाहून हसतात आणि त्यांतला एखादा गाडीचे नावही अचूक सांगतो. मूळ सायलेन्सर काढून त्या जागी दुसरी नळी बसवलेली असते. गॅरेजच्या भाषेत ‘फटाका सायलेन्सर’.

असा आवाज बेकायदेशीर आहे हे सर्वांनाच ठाऊक असते. मात्र किती आवाज बेकायदेशीर, तो कुठे उभे राहून मोजायचा आणि तो झाला हे सिद्ध कसे करायचे, हे प्रश्न वाटतात तितके सोपे नाहीत. त्यांची उत्तरे शोधण्यात शंभराहून अधिक वर्षे गेली आहेत, आणि शेवटचे उत्तर अजून पुरते हाती आलेले नाही.

आवाज येतो कुठून?

सारख्या आकाराचे दोन फुगे सारखेच फुगवा. एकाला टाचणी लावा आणि दुसऱ्याचे तोंड बोटांत धरून हवा हळूहळू सोडा. दोन्ही फुग्यांत हवा तेवढीच होती आणि दाबही तोच होता. तरी एक फुगा दणक्यात फुटतो आणि दुसरा नुसता सुस्कारा टाकतो. फरक आहे तो हवा सुटण्यास लागणाऱ्या वेळेचा.

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये इंधन जळते, वायू तापतो आणि दट्ट्याला खाली ढकलतो. दट्ट्या खाली येत असतानाच बाहेर जाण्याची झडप उघडते. त्या क्षणी आतल्या वायूचा दाब बाहेरच्या वातावरणाच्या काही पट असतो. तो एकदम मोकळा होतो आणि नळीतून दाबाची एक लाट धावत सुटते. म्हणजे प्रत्येक वेळी टाचणी लावलेला एक फुगाच फुटतो.

चार धावांच्या, एक सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे असा एक धक्का बसतो. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला १००० फेरे घेत असेल, तर मिनिटाला ५०० म्हणजे सेकंदाला आठ-साडेआठ धक्के होतात. सेकंदाला साधारण वीसपेक्षा कमी ठोके असले की आपला कान ते सुटे सुटे ऐकतो. जुन्या बुलेटच्या ‘डग-डग’मागे हेच साधे गणित आहे. याउलट दोन धावांच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला एक धक्का असतो. १९८५ साली भारतात आलेली यामाहा आरएक्स १०० ही अशीच दोन धावांची गाडी होती. मिनिटाला ६००० फेरे झाले की सेकंदाला १०० धक्के होतात. आता ठोके सुटे राहत नाहीत, त्यांचा सलग सूर होतो. म्हणून एक गाडी ‘बोलते’ आणि दुसरी ‘किंचाळते’.

बंदूकवाल्याचा मुलगा

हा फुगा हळू सोडायचा कसा, यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विचार सुरू झाला. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातील मिल्टन रीव्हज आणि त्याचा भाऊ यांनी १८९७ साली इंजिनासाठी आवाज दाबणाऱ्या साधनाचे पेटंट घेतले. अमेरिकेत या साधनाला ‘मफलर’ हेच नाव रूढ झाले. थंडीत आपण गळ्याभोवती गुंडाळतो, त्या मफलरचाच हा शब्द. इंग्लंडमध्ये ‘सायलेन्सर’ म्हणत, आणि आपण तोच शब्द उचलला.

या कथेतील सर्वांत चमत्कारिक प्रकरण मॅक्सिम पितापुत्रांचे आहे. वडील हिरम स्टीव्हन्स मॅक्सिम यांनी १८८४च्या सुमारास स्वयंचलित मशीनगन बनवली. आयुष्यभर तोफाबंदुकांच्या सान्निध्यात राहून ते जवळजवळ ठार बहिरे झाले. मुलगा हिरम पर्सी मॅक्सिम यांनी बंदुकीचा आवाज दाबणारे साधन बनवले आणि १९०९ साली त्याचे पेटंट मिळवले. टबातले पाणी भोवरा करीत सावकाश खाली उतरताना पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. वायूलाही असेच गरगर फिरवत ठेवले, तर तो एकदम न सुटता हळूहळू सुटेल. धाकटे मॅक्सिम तरुणपणी मोटारगाड्यांच्या कामात होते, आणि पुढे त्यांनी हेच तत्त्व इंजिनांच्या आवाजासाठीही वापरले.

आजच्या सायलेन्सरच्या डब्यात प्रामुख्याने दोन युक्त्या असतात. पहिली परावर्तनाची. अरुंद नळीतून आलेली लाट अचानक रुंद कक्षात शिरली की तिचा काही भाग मागे फिरतो, आणि कक्षातून पुन्हा अरुंद नळीत शिरतानाही तसेच होते. या मागे-पुढे जाणाऱ्या लाटा एकमेकींना छेदतात. नळीचा व्यास ३ सेंटिमीटर आणि कक्षाचा ९ सेंटिमीटर असेल, तर छेदाच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर ९ होते. असा एकच कक्ष सर्वांत अनुकूल वारंवारतेला सुमारे १३ डेसिबल आवाज अडवतो. पण सगळ्या वारंवारतांना नाही. तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला ५२० मीटर धरला, तर ३० सेंटिमीटर लांबीचा कक्ष ४३० हर्ट्झच्या आसपास उत्तम काम करतो आणि ८७० हर्ट्झच्या आसपासचा आवाज जवळजवळ जसाच्या तसा जाऊ देतो. म्हणून डब्यात वेगवेगळ्या लांबीचे कप्पे आणि भोके पाडलेल्या नळ्या असतात. दुसरी युक्ती शोषणाची. भोकांच्या नळीभोवती काचतंतूंचा थर दिला की ध्वनीची ऊर्जा त्यात घर्षणाने उष्णतेच्या रूपात विरते.

‘आतली जाळी काढली’ असे गॅरेजमध्ये म्हणतात, तेव्हा प्रत्यक्षात हे सगळे कप्पे आणि नळ्या काढून टाकलेल्या असतात. डबा बाहेरून तसाच दिसतो, पण आत नुसती पोकळी उरते.

ब्रुकलँड्सचे शेजारी

मोटारींच्या आवाजाविरुद्धचा सर्वांत गाजलेला सुरुवातीचा लढा इंग्लंडमधील सरे परगण्यात झाला. तेथे वेब्रिजजवळ १९०७ साली ब्रुकलँड्स ही शर्यतीची धावपट्टी बांधण्यात आली. पट्टी खुली होताच त्याच जून महिन्यात सेल्विन एज यांनी नेपियर मोटार सलग २४ तास पळवून २५०० किलोमीटरहून अधिक अंतर कापले. विक्रम झाला, पण आसपासच्या रहिवाशांची झोप उडाली. तक्रारी इतक्या झाल्या की रात्री गाड्या पळवणे बंद करावे लागले. पुढे १९२९ साली तेथे चोवीस तासांची शर्यत ठरली, तेव्हा तिचे बारा-बारा तासांचे दोन दिवस करावे लागले. रात्री गाड्या कुलपात ठेवत. शर्यतीचे नावच ‘डबल ट्वेल्व्ह’ पडले.

पण दिवसाच्या आवाजाचे काय? मोटारी आणि मोटरसायकली तर दिवसाही धावत होत्या. १९२४च्या सुमारास शेजाऱ्यांनी न्यायालयाचा रस्ता धरला. त्यानंतर धावपट्टीवर येणाऱ्या गाड्यांना विशिष्ट प्रकारचा सायलेन्सर सक्तीचा झाला. मोठा डबा आणि पुढे माशाच्या शेपटीसारखे चपटे होत गेलेले तोंड. हा ‘ब्रुकलँड्स कॅन’ जुन्या मोटरसायकलींच्या छायाचित्रांत सहज ओळखता येतो.

येथे थांबून एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. नियमाने आवाज किती असावा हे सांगितले नव्हते, डबा कसा असावा हे सांगितले होते. कारण आवाज मोजण्याचे सुटसुटीत साधन तेव्हा उपलब्धच नव्हते. जी गोष्ट मोजता येत नाही तिच्यावर कायदा करायचा तर दोनच मार्ग उरतात. एक तर ‘शक्य तितका कमी आवाज करा’ असे शब्दांत सांगायचे, किंवा अमुक आकाराचा डबा बसवा असे फर्मावायचे. पहिल्या मार्गात पोलीस, वाहनचालक आणि न्यायाधीश यांचे कान वेगवेगळे निघतात. दुसऱ्या मार्गात डबा असतो, पण त्याच्या आत काय आहे ते कोणी पाहत नाही.

‘शक्य तितका’ म्हणजे किती?

आवाजाला आकडा मिळाला तो टेलिफोनमुळे. दूरच्या तारेतून जाताना बोलण्याचा आवाज किती क्षीण होतो हे मोजण्यासाठी अमेरिकेतील बेल टेलिफोन कंपनीच्या अभियंत्यांनी १९२०च्या दशकात एक लॉगॅरिथमी एकक तयार केले. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या स्मरणार्थ त्याला ‘बेल’ आणि त्याच्या दहाव्या भागाला ‘डेसिबल’ हे नाव मिळाले. १९२९ साली न्यूयॉर्क शहराने आवाज कमी करण्यासाठी एक आयोग नेमला. मोजणीची उपकरणे ट्रकवर लादून ती शहरभर फिरवण्यात आली, आणि १९३० साली या आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. शहराचा गोंगाट नकाशावर आकड्यांत मांडण्याचा तो पहिल्या मोठ्या प्रयत्नांपैकी एक होता.

तरी एक अडचण होती. मायक्रोफोनला सगळे सूर सारखेच, पण माणसाच्या कानाला तसे नसते. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली प्रयोगांनी दाखवून दिले की खालचे सूर आपल्याला बरेच कमी ऐकू येतात. म्हणून १९३६च्या अमेरिकन मानकात ध्वनिमापकाला कानासारखे ऐकायला लावणारी एक चाळणी ठरवण्यात आली. आज आकड्यापुढे ‘डेसिबल ए’ असे लिहितात, त्यातला ‘ए’ हीच चाळणी दर्शवतो. ती १००० हर्ट्झचा सूर जसाच्या तसा मोजते, १०० हर्ट्झच्या सुरातून सुमारे १९ डेसिबल वजा करते आणि २५ हर्ट्झच्या सुरातून तर सुमारे ४५ डेसिबल. एक सिलिंडरची चार धावांची गाडी ३००० फेऱ्यांवर चालत असेल, तर तिचा मूळ ठोका नेमका २५ हर्ट्झचा असतो. म्हणजे तिचा पायाभूत ठोका मापकाच्या हिशेबात जवळजवळ येतच नाही. हिशेबात येतात ते त्यावरचे वरचे सूर. पण तोच खोल ठोका भिंती-खिडक्या ओलांडून घरात शिरतो आणि तावदाने थरथरवतो. आकडा मिळाल्याने वाद कमी झाले, संपले नाहीत.

डेसिबलचा हिशेब विद्यार्थ्यांना नेहमी फसवतो. ८० आणि १०० यांत फरक फक्त चौथ्या हिश्श्याचा वाटतो. पण दर १० डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहा पट होते. म्हणजे १०० डेसिबलची एक गाडी ८० डेसिबलच्या शंभर गाड्यांइतकी ध्वनिऊर्जा बाहेर टाकते. कानाला ती शंभर पट मोठी वाटत नाही. १० डेसिबलला साधारण दुप्पट, म्हणून २० डेसिबलला चौपट वाटते. पण शंभर जणांनी नियम पाळून राखलेली शांतता एक जण एकट्याने मोडू शकतो, हे मात्र अक्षरशः खरे आहे.

साडेसात मीटरवरचा मायक्रोफोन

दुसऱ्या महायुद्धानंतर वाहने झपाट्याने वाढली आणि शब्दांच्या कायद्यांत आकडे शिरू लागले. ब्रिटनमध्ये सर ॲलन विल्सन यांच्या समितीने १९६३ साली गोंगाटाच्या प्रश्नावर सविस्तर अहवाल दिला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने मोटरसायकलींसाठी पायऱ्या ठरवल्या. १९७०पूर्वी बनलेल्या गाडीला ९२ डेसिबल, मग ८८, ८६, ८३ आणि १९८५नंतर बनलेल्या गाडीला ८०. १२ डेसिबलची घट म्हणजे ऊर्जा सोळाव्या हिश्श्यावर. युरोपीय आर्थिक समुदायाने १९७८ साली इंजिनाच्या आकारानुसार ७८ ते ८६ डेसिबलच्या मर्यादा घातल्या आणि १९८७ साली त्या आणखी उतरवल्या. कायद्याने आकडा खाली आणला आणि अभियंत्यांनी तो गाठला. तंत्रज्ञान कायद्यामागे फरफटत गेले नाही. दोघे बरोबरीने चालले.

आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ साली आले. त्यांतला १२०वा नियम सायलेन्सरचा आहे. प्रत्येक मोटार वाहनाला, प्रसरण कक्षाच्या किंवा अन्य साहाय्याने, इंजिनातून सुटणाऱ्या वायूंचा आवाज व्यवहार्य असेल तितका कमी करणारे साधन बसवलेले असले पाहिजे, असा त्याचा आशय. नीट वाचला तर खडकाच्या थरांप्रमाणे या नियमात सारा इतिहास साठलेला दिसतो. ‘व्यवहार्य असेल तितका’ हा सर्वांत जुना, शब्दांचा थर. ‘प्रसरण कक्ष’ हा ब्रुकलँड्सचा, आकाराचा थर. आणि त्याच नियमाच्या पुढच्या भागात आवाजाची मानके येतात, हा आकड्यांचा थर. पर्यावरण संरक्षण नियमांत दुचाकींसाठी आधी सरसकट ८० डेसिबल ए ही मर्यादा होती. १ जानेवारी २००३पासून नव्या दुचाकींसाठी ८० घन सेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाला ७५, १७५पर्यंत ७७ आणि त्यावर ८० अशा मर्यादा लागू झाल्या.

हा आकडा मोजायचा कसा, हे भारतीय मानक ३०२८ मध्ये दिले आहे. मोकळी सपाट धावपट्टी, मधल्या रेषेपासून ७.५ मीटर अंतरावर आणि १.२ मीटर उंचीवर मायक्रोफोन. गाडी ठरावीक वेगाने येते, एका रेषेवर चालक मूठ पूर्ण पिळतो आणि २० मीटर पुढच्या रेषेवर सोडतो. त्या दरम्यानचा कमाल आवाज नोंदवला जातो. गाड्यांच्या अशा मान्यता-चाचण्या करणाऱ्या देशातील प्रमुख संस्थांपैकी एक पुण्यात आहे. वेताळ टेकडीवरची, १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया म्हणजेच एआरएआय.

नळीतली लाट

सायलेन्सर काढला की गाडीची ताकद वाढते, हा समज गॅरेजइतकाच जुना आहे. त्यात सत्याचा अंश आहे. सुरुवातीचे सायलेन्सर वायूची वाट खरोखरच अडवत असत. पण १९५०च्या दशकात पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्याचे अभियंते वाल्टर काडेन यांनी या समजाला उलट कलाटणी दिली. दोन धावांच्या इंजिनात ताजे मिश्रण आत येत असताना बाहेर जाण्याचे दारही उघडे असते, त्यामुळे काही मिश्रण न जळताच निसटते. काडेन यांनी बाहेरच्या नळीला आधी रुंद होत जाणाऱ्या आणि मग अरुंद होत जाणाऱ्या शंकूंचा आकार दिला. रुंद होत जाणाऱ्या भागातून परतलेली लाट जळालेला वायू ओढून घेते, तर अरुंद होत जाणाऱ्या भागातून परतलेली लाट निसटलेले मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. सगळा खेळ लाट परतण्याच्या वेळेचा, म्हणजेच नळीच्या लांबीचा. १९६१पर्यंत त्यांच्या १२५ घन सेंटिमीटरच्या इंजिनाने सुमारे २५ अश्वशक्ती गाठली होती. त्याच वर्षी त्यांचा शर्यतपटू अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला आणि हे ज्ञान जपानच्या सुझुकी कंपनीकडे पोचले. १९६२ साली ५० घन सेंटिमीटर गटाचे जागतिक विजेतेपद डेग्नरने सुझुकीवर मिळवले.

म्हणजे नळी ही नुसती धुराची वाट नाही, ती इंजिनाचाच भाग आहे. दोन धावांच्या गाडीची ही रचना मोडली तर आवाज वाढतो आणि ताकद बहुधा घटते. चार धावांच्या गाडीत विचारपूर्वक बनवलेली मोकळी नळी वरच्या वेगात थोडा फायदा देऊ शकते, पण त्यासाठी इंधनाचे प्रमाणही पुन्हा जुळवावे लागते. नुसती जाळी काढून मिळतो तो आवाजच. शिवाय एप्रिल २०२०पासून लागू झालेल्या भारत टप्पा ६ च्या मानकांप्रमाणे बनलेल्या गाड्यांत विषारी वायू कमी करणारा उत्प्रेरक या धूर-नळीच्या मार्गातच असतो. नळी बदलताना तोही काढला गेला, तर आवाजाबरोबर धूरही बिघडतो. अधूनमधून ऐकू येणारे ‘फटाके’ म्हणजे तरी काय? सिलिंडरमधून न जळता बाहेर पडलेले इंधन तापलेल्या नळीत पेट घेते. आपण विकत घेतलेले पेट्रोल रस्त्यावर जाळणे, एवढाच त्याचा अर्थ.

आवाजाची हौस

मग लोक असे का करतात? या प्रश्नाला केवळ ‘उनाडपणा’ असे उत्तर देऊन भागत नाही. आवाज ही यंत्राची ओळख असते. हार्ले-डेव्हिडसनच्या गाडीतील दोन सिलिंडर ४५ अंशांत मांडलेले असतात आणि दोन्ही दट्टे क्रँकच्या एकाच खुंटीला जोडलेले असतात. त्यामुळे ठोके समान अंतराने न पडता एकदा ३१५ आणि एकदा ४०५ अंशांनंतर पडतात. हा लंगडता ठेका म्हणजे आपली मालमत्ता आहे, असा दावा करून कंपनीने १९९४ साली त्या आवाजाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी करण्यासाठी अर्ज केला. इतर उत्पादकांनी हरकती घेतल्या आणि २००० साली कंपनीने अर्ज मागे घेतला. आपल्याकडे बुलेटच्या ठोक्यावर माणसे अशीच जीव टाकतात. हौस खोटी नाही. प्रश्न आहे तो, तिची किंमत कोण देतो हा.

‘मोठा आवाज जीव वाचवतो, समोरच्याला गाडी येतेय हे कळते’ असाही युक्तिवाद अमेरिकेत आणि आपल्याकडे ऐकू येतो. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली होती. तीन चतुर्थांशांहून अधिक अपघातांत धोका चालकाच्या पुढच्या बाजूला, सरळ रेषेच्या दोन्हीकडच्या ४५ अंशांत होता. सायलेन्सरचे तोंड मात्र मागे असते. ज्याला सावध करायचे तो पुढे आणि आवाज सर्वांत जास्त मागे, असा हा प्रकार आहे.

कारखाना ते रस्ता

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आकडा ठरला, मोजण्याची पद्धत ठरली, तरी वर्गाबाहेरून कडकडाट करीत जाणारी गाडी का थांबत नाही? कारण मोजणी होते कारखान्याच्या नमुन्याची, धावपट्टीवर, आणि गोंगाट होतो रस्त्यावर. पीयूसीच्या चाचणीत धूर तपासला जातो, आवाज नाही. रस्त्यावर २० मीटरची मोकळी पट्टी आणि ७.५ मीटरवरचा मायक्रोफोन कुठून आणणार? शेवटी पोलिसाला पुन्हा स्वतःच्या कानावर विसंबावे लागते. म्हणजे आकड्यांचा थर ओलांडून आपण परत शब्दांच्या थरावर येतो.

अमेरिकेचे उदाहरण बोलके आहे. तेथील पर्यावरण संस्थेने १९८० साली नियम करून १९८३पासून ८३ आणि १९८६पासून ८० डेसिबलची मर्यादा घातली, आणि प्रत्येक सायलेन्सरवर मान्यतेचा शिक्का सक्तीचा केला. पण आवाजावर काम करणाऱ्या तिच्या विभागाचा निधी १९८२पर्यंत बंद झाला. नियम पुस्तकात राहिला, तपासणारा माणूस राहिला नाही. कॅलिफोर्नियाने २०१० साली निराळी वाट काढली. २०१३पासून बनलेल्या गाडीच्या सायलेन्सरवर तो शिक्का नसेल, तर तोच गुन्हा. कानाचे काम डोळ्यावर सोपवले.

भारतात १९८८च्या मोटार वाहन कायद्याने आवाजाच्या मानकांचा भंग हा गुन्हा ठरवला, आणि २०१९च्या दुरुस्तीने त्यासाठीचा दंड १०,००० रुपयांपर्यंत वाढवला. मालकाने गाडीत बेकायदा बदल केल्यास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने २०२१ साली बदललेल्या सायलेन्सरच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. महाराष्ट्रातील अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोड रोलर फिरवला. छायाचित्रात हे दृश्य परिणामकारक दिसते. पण रोलरखाली चिरडलेली नळी पुन्हा विकत मिळते, ही अडचण उरतेच.

काही ठिकाणी मोजणीच रस्त्यावर आणण्याचे प्रयत्न झाले आहेत. उभ्या गाडीचा आवाज नळीच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांत मायक्रोफोन धरून मोजण्याची पद्धत आहे. त्यासाठी धावपट्टी लागत नाही. युरोपात हा आकडा गाडीच्या कागदपत्रांत नोंदवलेला असतो. ऑस्ट्रियातील टिरोल प्रांताने २०२० साली काही घाटरस्त्यांवर ज्या मोटरसायकलींची ही नोंद ९५ डेसिबलपेक्षा अधिक आहे, त्यांना उन्हाळ्यात बंदी घातली. फ्रान्समध्ये २०१९च्या कायद्याने आधार दिल्यावर २०२२पासून ‘ध्वनिकॅमेऱ्यां’च्या चाचण्या सुरू झाल्या. चार मायक्रोफोनांपर्यंत आवाज पोचण्याच्या वेळांतील सूक्ष्म फरकांवरून तो कोणत्या गाडीतून आला हे उपकरण ठरवते आणि तिचे छायाचित्र घेते. हे यंत्र बनवणाऱ्या ब्रुईपारीफ संस्थेच्या अंदाजानुसार सायलेन्सर नसलेली एक स्कूटर मध्यरात्री पॅरिस ओलांडून गेली, तर हजारो माणसांची झोप मोडू शकते.

वर्गात करण्याजोगे

हा सारा इतिहास एका मालिकेत सांगता येतो. आधी शब्द, मग आकार, मग आकडा आणि आता जागा, म्हणजे तो आकडा नेमका कुठे मोजायचा. प्रत्येक पायरीवर विज्ञानाने कायद्याच्या हाती एक नवे साधन दिले, आणि दर वेळी पुढचा अडथळा दिसू लागला.

नववी-दहावीच्या वर्गात याचा हिशेब करता येईल. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबल घटतो. नियमातली गाडी ७.५ मीटरवर ८० डेसिबल असेल, तर १५ मीटरवर ७४ आणि ३० मीटरवर ६८. बदललेली गाडी ७.५ मीटरवर १०० असेल असे समजा. रस्त्यापासून ३० मीटरवरच्या वर्गाच्या खिडकीशी ती किती भरेल? शिक्षकांचे नेहमीचे बोलणे त्यांच्यापासून एक मीटरवर ६० ते ६५ डेसिबल असते. शेवटच्या बाकावर ते किती उरेल? दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले की पुढचे मुले स्वतःच सांगतील. मोबाइलवरच्या ध्वनिमापक ॲपने एक तासभर खिडकीशी नोंदीही घेता येतील. ते आकडे न्यायालयात चालणार नाहीत, पण एकाच फोनने घेतलेल्या नोंदींची आपसांत तुलना करायला ते पुरेसे आहेत. गाड्या किती गेल्या, त्यांतल्या कितींनी तास थांबवला, याचा तक्ता करावा.

त्या तक्त्यात बहुधा असे दिसेल की शेकडो गाड्या गेल्या आणि तास थांबला तो त्यांतल्या चार-दोन गाड्यांमुळे. वर्गातल्या ज्या मुलाला आवाजावरून गाडीचे नाव अचूक सांगता येते, त्यालाच हा तक्ता करायला द्यावा. त्याचा कान तयार आहेच. त्या कानाला आकडा जोडून देणे, एवढेच आपले काम आहे. अजून दोन-तीन वर्षांनी त्याच्या हाती गाडी येईल, आणि तेव्हा गॅरेजमध्ये ‘जाळी काढू का?’ असे त्यालाही विचारले जाईल.